घोंगडे भिजत ठेवू नका

होळी जळाली, थंडी पळाली, असे आपल्याकडे म्हणतात. थंडी खरोखर पळते की नाही, हे गाव कुठले त्यावर अवलंबून. पण होळीनंतरच्या एखाद्या रविवारी घरोघरी एक कार्यक्रम हमखास होतो. अंथरुणा-पांघरुणांचा ढीग बाहेर निघतो. चादरी, पलंगपोस, उशांचे अभ्रे भराभर यंत्रात जातात आणि ढिगाच्या तळाशी एक जाड, जड, थोडेसे टोचणारे ब्लँकेट उरते. त्याचे काय करायचे, या प्रश्नाला बहुतेक घरांत दोनच उत्तरे असतात. एक, ‘टाक तेही मशीनमध्ये, एवढे काय!’ आणि दुसरे, ‘राहू दे, पुढच्या वर्षी बघू.’ पहिल्या उत्तराने ब्लँकेट आटते, दुसऱ्याने त्याला कसर लागते. दोन्ही वाटांनी ते घरातून जाते.

आणि गेले की तसले दुसरे मिळत नाही, ही खरी अडचण आहे. मागच्या पिढीच्या मराठी घरांत जी गिरणीची लोकरी ब्लँकेटे दिसत, त्यांत तीन ठिकाणची नावे पुन्हा पुन्हा ऐकू येत. कानपूरची ‘लाल इमली’, पंजाबातले धारीवाल आणि आपले ठाणे. ठाण्याला १९२५ साली निघालेली रेमंडची गिरणी १९४४ मध्ये सिंघानियांच्या हाती आली, तेव्हा ती मुख्यत्वे स्वस्त, जाडीभरडी ब्लँकेटेच काढत असे. सुटाच्या कापडाचा रुबाब नंतरचा. या तिन्ही ठिकाणचे माग थांबून आता बरीच वर्षे झाली. कुणाच्या आजोबांनी पहिल्या पगारातून घेतलेले, कुणाच्या बाळंतविड्याबरोबर माहेरून आलेले ब्लँकेट अजून धडधाकट आहे, ते केवळ घरातल्या कुणीतरी ते जपले म्हणून. चौथा प्रकार आपल्या मातीतला, घोंगडीचा. तिच्याकडे पुढे वळू.

धुण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी, की हातात आहे ती लोकरच आहे ना. हल्ली गुबगुबीत, फुलाफुलांची, मांजराच्या पाठीसारखी मऊ जी ‘मिंक’ ब्लँकेटे दुकानांत दिसतात, त्यांचा लोकरीशी काडीचा संबंध नाही. ते पॉलिएस्टर. ते खुशाल यंत्रात घालावे. सोलापुरी चादर ही तर शुद्ध सुती. शंका असेल तर काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरावा आणि काडी लावावी. जळक्या केसांचा वास आला, ज्योत बाजूला करताच धागा विझला आणि मागे राहिलेला काळा गोळा बोटांत चुरला गेला, तर लोकर. वितळून टणक मणी झाला, तर प्लास्टिकचा भाऊबंद. दोन्ही लक्षणे दिसली, तर मिश्रण; त्याला लोकरीच्याच नियमाने वागवावे.

लोकरीतही एक गरीब भावंड आहे. पानिपतला परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटे विणतात. पूर-भूकंपात मदत म्हणून वाटली जाणारी करडी-तपकिरी ब्लँकेटे बहुधा याच जातीची. त्यांतला तंतू दोनदा पिंजला गेल्यामुळे आखूड झालेला असतो आणि पाण्यात तो लगेच सुटू लागतो. असे ब्लँकेट झटकावे, वारा द्यावा, डाग तेवढा पुसावा. सबंध बुडवू नये.

आता लोकर आटते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. माझ्या नातवाने मला एकदा विचारले, ‘आजोबा, स्वेटर धुतला की लहान होतो, मग मेंढी पावसात भिजून लहान का होत नाही?’ प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोकरीचा तंतू म्हणजे केसच. आपल्या नखांत आणि केसांत जे केराटिन नावाचे प्रथिन असते, तेच त्यातही असते. या तंतूवर बारीक खवले असतात, कौलारू घरावर कौले असावीत तसे, एकावर एक, सगळे टोकाच्या दिशेने झुकलेले. आपलाच एक लांब केस दोन बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे ओढावा, तो सुळकन सरकतो. उलट ओढावा, जरा अडखळतो. मेंढीच्या अंगावर सगळे केस एकाच दिशेने असतात आणि वर त्यांना तिच्या कातडीतून येणाऱ्या मेणाचा लेप असतो. पाऊस वरून ओघळून जातो.

सूत काततांना मात्र तंतू उलटसुलट एकत्र येतात. त्यांना गरम पाणी मिळाले, साबणाचा खार मिळाला, की खवले उघडतात. मग चोळले, आपटले, घुसळले, की प्रत्येक तंतू पुढे सरकतो; पण खवले अडकल्यामुळे त्याला मागे येता येत नाही. हजारो तंतू असे एकमेकांत रुतत जातात आणि कापड आकसून जाड, कडक होते. यात उष्णता, खार आणि घुसळण या तिघांची अभद्र युती असते. त्यातही घुसळण सगळ्यांत वाईट. नुसते कोमट पाणी लागल्याने ब्लँकेट फारसे बिघडत नाही, पण त्याच पाण्यात ते अर्धा तास गरगर फिरले तर संपले. काही आधुनिक लोकरी कपड्यांवर ‘यंत्रात धुता येईल’ असे लिहिलेले असते, ते खोटे नसते. त्या लोकरीच्या खवल्यांची धार कारखान्यात क्लोरीनने मारलेली असते आणि वर पातळ लेप दिलेला असतो. जुन्या ब्लँकेटांच्या वाट्याला असले संस्कार आलेले नाहीत.

काश्मिरात हाच दोष गुण म्हणून वापरतात. तिथला नमदा विणत नाहीत. लोकरीचे थर पसरतात, वर साबणाचे पाणी शिंपडतात, गुंडाळी करून ती दाबत-लाटत राहतात आणि पाहता पाहता जाजम तयार होते. आपल्या घरातले धुलाई यंत्र गरम पाण्यावर लावले, की ते नेमके नमदा बनवायचा कारखाना होते. फरक इतकाच, की काश्मिरी कारागिराला नमदाच हवा असतो.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक आजी राहतात. यजमान रेल्वेत होते. मनमाडला बदली असताना त्यांनी घेतलेले एक लाल धारीवाल ब्लँकेट घरात होते, काठाला काळा पट्टा असलेले. यजमान गेले त्या हिवाळ्यात ते शेवटपर्यंत त्यांच्या अंगावर होते. वर्षश्राद्धाच्या आधी घर आवरताना सुनेने ते प्रेमाने धुवायला घेतले. आजारी माणसाचे पांघरूण, जंतू मरायला हवेत म्हणून यंत्राचा काटा साठ अंशांवर ठेवला. त्या बिचारीचा हेतू शंभर टक्के चांगला होता. दीड तासाने झाकण उघडले, तेव्हा दोन माणसांचे ब्लँकेट पाळण्यातल्या बाळापुरते झाले होते आणि हाताला पायपुसण्यासारखे लागत होते. ती ते घेऊन माझ्याकडे आली. माझ्या घोंगड्यांच्या वेडाची ख्याती सोसायटीत आहेच. ‘काका, ओढून पूर्वीसारखे होईल ना हो?’ असे विचारताना तिचे डोळे भरले होते.

नाही होत. एकदा रुतलेले तंतू सुटत नाहीत. ब्लँकेट नुकतेच, थोडेसेच आकसले असेल तर कोमट पाण्यात केसांना लावायचे कंडिशनर मिसळून त्यात भिजवून, ओले असताना चौघांनी चार बाजूंनी हलके ताणले तर बोट-दोन बोटे मिळतात. पुरता नमदा झालेल्याला इलाज नाही. आजींनी ते ब्लँकेट मांडीवर घेऊन बराच वेळ हात फिरवला आणि मग कात्री मागितली. अशा आटलेल्या लोकरीचा एक उपयोग असतो. ती कापली तरी कडा उसवत नाहीत, शिवण घालावी लागत नाही. त्यांनी त्यातून देवघरासाठी एक आसन कापले, नातवाच्या पेटीखाली घालायला एक चौकोन, आणि उरल्या तुकड्यांतून सपातांत घालायचे तळवे. सुनेला एक शब्द बोलल्या नाहीत. पण मुलाने आणलेले नवे ब्लँकेट त्या थंडीत पिशवीतून बाहेर निघाले नाही. त्या शालीवर भागवत राहिल्या.

लोकरीशी कसे वागावे, याचा पहिला धडा मला माण तालुक्यात मिळाला. साल १९८६. मी तेव्हा बँकेत नवा अधिकारी होतो आणि एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून मेंढ्यांसाठी दिलेल्या कर्जांची तपासणी माझ्या गळ्यात होती. काम असे, की वाड्यावर जायचे आणि विम्याचे बिल्ले कानात असलेल्या मेंढ्या मोजायच्या. मेंढ्या मोजणे हे रोकड मोजण्यापेक्षा अवघड. नोटा निदान जागच्या हलत नाहीत. त्या दिवशी कळप माणगंगेच्या एका डोहात होता. कातरणीआधी मेंढरे धूत होते. दोघे-तिघे धनगर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून एकेका मेंढीला पाण्यातून फिरवत आणि अंगावरून हात ओढून पलीकडे सोडून देत. काठावर एक म्हातारी घोंगडी धूत बसली होती. साबण नाही, धोका नाही, दगडावर आपटणे नाही. उथळ, वाहत्या पाण्यात घोंगडी पसरून ती तळव्यांनी नुसती दाबत होती. ‘साबण लावत नाही का?’ असे मी विचारले. तिने माझ्याकडे पाहून विचारले, ‘मेंढराला कुनी ऊन पान्यानं न्हाऊ घालतं व्हय, सायेब? मंग तिच्या केसाला कशाला?’

लोकरीच्या रसायनावर नंतर मी बरेच काही वाचले. म्हातारीच्या वाक्याला छेद देणारे त्यात काही सापडले नाही.

घोंगडी ही दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीची. काळी घोंगडी रंगवलेली नसते. तो मेंढीचाच रंग, म्हणून तो धुण्यात जात नाही. धनगराने कातरलेली लोकर पिंजून, चरख्यावर कातून सनगर ती मागावर विणतो आणि सुताला चिंचोक्याची खळ देतो. त्यामुळे नवी घोंगडी ताठ आणि टोचरी असते. खळ निघून गेली की ती नरमते. धनगर तिची खोळ करून पावसात उभा राहतो, रात्री तीच अंथरतो, तीच पांघरतो. कर्मवीर भाऊराव पाटलांची मूर्ती खांद्यावरच्या घोंगडीशिवाय डोळ्यांपुढे उभी राहत नाही. अशा या दणकट वस्तूची एकच खोड, ती म्हणजे भिजली की लवकर वाळत नाही. जागा अडवून बसते, ना पांघरता येते ना उचलून ठेवता येते. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला असणार. बँकेच्या नोकरीत अशी घोंगडी मी कपाटे भरभरून पाहिली. त्यांवर लाल फीत असे एवढेच.

धुण्याच्या बाबतीत मात्र हा वाक्प्रचार शब्दशः लक्षात ठेवावा. लोकर रात्रभर भिजत घालू नये. ओली लोकर कमकुवत असते. दहा-पंधरा मिनिटे पुरेत.

त्याही आधी स्वतःला विचारावे, की धुण्याची खरोखर गरज आहे का. लोकर मळ सहसा आत शिरू देत नाही, धूळ वरवरच बसते. गच्चीत दोन दोऱ्यांवर किंवा खाटेवर ब्लँकेट आडवे टाकावे, वेताच्या छडीने उलटसुलट झटकावे, मऊ ब्रशने एका दिशेने विंचरावे आणि चार-सहा तास वारा लागू द्यावा. वास जातो, धूळ जाते, लव उभी राहते. दर हंगामाला एवढे केले तर तीन-चार वर्षे पाणी दाखवायचे कारण पडत नाही. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका ब्लँकेटाच्या गळ्याकडच्या काठाला जुन्या पातळाची वीतभर पट्टी टाके घालून लावत. तेल, घाम, तोंडाची क्रीम सगळे त्या पट्टीला लागे. पट्टी उसवून धुवायची, पुन्हा लावायची. इतकी सोपी युक्ती आपण का सोडली कोण जाणे.

डाग पडला तर चोळू नये, टिपावा. तेलकट डागावर टाल्कम पावडर पसरून रात्रभर ठेवावी आणि सकाळी झटकावी. हळदीच्या डागाला कपड्यांच्या साबणाची वडी लावली की तो लालभडक होतो. ती साबणातल्या खाराची करामत. हळद थंड पाण्याने टिपून घ्यावी आणि बाकीचे काम उन्हावर सोपवावे. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही.

आता प्रत्यक्ष धुणे. दिवस निवडताना हवा कोरडी हवी. होळीनंतरचे दिवस त्यासाठी उत्तम. घटस्थापनेच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुण्याची आपली रीत आहे, पण भाद्रपदातल्या दमट हवेत जाड लोकर दोन दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते. घटस्थापनेआधी तिला नुसता वारा-ऊन द्यावे, असे माझे मत. धर्मशास्त्राची त्याला हरकत नसावी.

कोरडे असतानाच ब्लँकेटाची लांबी-रुंदी दोरीने मोजावी आणि दोरीला गाठी मारून ठेवाव्यात. वाळवताना त्या लागतील. रिठे वापरायचे असतील तर दोन किलोंच्या ब्लँकेटाला वीस-पंचवीस रिठे आदल्या रात्री भिजत घालावेत, सकाळी बिया काढून दहा मिनिटे उकळावेत आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पूर्ण निवू द्यावे. रिठ्याचा फेस सौम्य असतो, त्यात कपड्यांच्या साबणासारखा खार नसतो. आपल्याकडे पैठणी, शालू आणि शाली रिठ्यात धुण्याची चाल पडली ती उगाच नाही. पांढऱ्या ब्लँकेटावर मात्र रिठ्याची किंचित पिवळट झाक येते, तिथे लोकरीसाठी मिळणारा द्रव साबण बरा. डोळे सांभाळावेत, रिठा फार झोंबतो.

काय वापरू नये ते अधिक महत्त्वाचे. धुण्याचा सोडा नको. रोजची कपड्यांची पावडर नको. तिच्यात खार असतो, शिवाय रक्ताचे, दुधाचे डाग काढण्यासाठी घातलेली प्रथिने पचवणारी द्रव्येही बहुधा असतात. लोकर स्वतःच प्रथिन असल्यामुळे ती द्रव्ये डाग आणि ब्लँकेट यांत भेद करत नाहीत. आणि पांढरे शुभ्र करण्यासाठी जे क्लोरीनचे ब्लीच मिळते, ते तर चुकूनही नको. खात्री करायची असेल तर लोकरीचा एक धागा वाटीभर ब्लीचमध्ये टाकून पाहावा. थोड्या वेळाने वाटीत धागा उरत नाही.

मोठा टब किंवा स्वच्छ घासलेली न्हाणीघराची फरशी, काहीही चालते. पाणी हाताला ना गार ना गरम लागावे, फार तर तीस अंश. आधी पाण्यात रिठा मिसळावा आणि मग ब्लँकेट घडी करून सोडावे; वरून नळाची धार धरू नये. तळव्यांनी दाबायचे आणि सोडायचे. पिळायचे नाही, घासायचे नाही, ब्रश लावायचा नाही. लहान मुलांना पाय धुऊन आत नाचू द्यावे, असे काही जण सांगतात. नाचणे म्हणजे घुसळणेच, ते टाळावे. पाच मिनिटांत पाणी चहासारखे होते. ते सोडून द्यावे आणि तेवढ्याच उबेचे ताजे पाणी घ्यावे. कोमट पाण्यातून काढून एकदम बर्फगार पाण्यात टाकले, तर लोकर दचकते. तीन-चार वेळा खळबळून पाणी निवळले, की शेवटच्या बादलीत दोन-तीन चमचे पांढरा व्हिनेगर घालावा. उरलासुरला खार त्याने मरतो आणि लोकर मऊ राहते. वास वाळल्यावर राहत नाही.

खरी परीक्षा पाण्याबाहेर काढताना असते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढा ओलावा अंगात घेऊनही हाताला कोरडी लागते. चिंब भिजल्यावर ती किती पाणी धरत असेल, याचा हिशेब करावा. दोन किलोंचे ब्लँकेट एकट्याने उचलवत नाही. एका कोपऱ्याला धरून ओढले तर तो कोपरा कायमचा लांबतो. टबातले पाणी आधी सोडून द्यावे, ब्लँकेट कडेला दाबून तासभर निथळू द्यावे आणि मग खालून जुनी चादर सरकवून दोघांनी झोळीसारखे उचलावे. कोरड्या चादरीत वळकटी करून वरून दाबले, की आणखी पाणी निघते. यंत्राचा नुसता पिळण्याचा भाग, हलक्या गतीवर, ब्लँकेट चादरीत नीट गुंडाळून आणि यंत्राला वजन झेपत असेल तर, चालतो. कारण तिथे लोकर भांड्याच्या भिंतीला चिकटून बसते, घुसळली जात नाही. गरम हवेच्या ड्रायरचे मात्र नाव काढू नये.

वाळवायला खाट किंवा बाज मिळाली तर सोन्याहून पिवळे. खालून-वरून वारा खेळतो. नसेल तर गच्चीत सतरंजीवर सुती चादर घालून त्यावर पसरावे. दोरीवर लोंबकळत टाकू नये, मधोमध वळ पडतो आणि दोन्ही टोके लांबतात. आता ती गाठींची दोरी काढावी आणि ओल्या ब्लँकेटाच्या कडा हलक्या हाताने ओढत मूळ मापाला आणाव्यात. हे काम ओले असतानाच होते. सावलीत, दर तीन-चार तासांनी उलटत, फाल्गुन-चैत्रात दीड-दोन दिवस लागतात. वरून वाळलेले दिसले तरी घडीच्या आत हात घालून पाहावा. गार लागले तर अजून ओल आहे. पूर्ण वाळल्यावर ब्रशने लव उभी करावी. इस्त्रीची गरज नसते.

ज्यांना हा सगळा खटाटोप झेपत नाही, त्यांनी ड्रायक्लीनिंगला द्यावे. त्यात कमीपणा काही नाही. पाण्याऐवजी तिथे रासायनिक द्रावण असते, त्याने तेलकट मळ उत्तम निघतो आणि लोकर आटत नाही. मात्र घामाचे, साखरेचे, लघवीचे डाग पाण्यात विरघळणारे. ते आधी दाखवून द्यावेत, नाही तर तसेच परत येतात. घरी आणल्यावर प्लास्टिकची पिशवी ताबडतोब काढून टाकावी आणि वास जाईपर्यंत ब्लँकेट वाऱ्यावर ठेवावे. दरवर्षी देऊ नये, लोकरीतला नैसर्गिक स्निग्धपणा दर वेळी थोडा थोडा जातो.

राहता राहिली कसर. बँकेत कसर म्हणजे हिशेबातली तूट. कपाटातली कसर तिची सख्खी बहीण, दोघी अंधारात वाढतात. उडताना दिसणारा सोनेरी, बारीक पतंग काही खात नाही. खाते ती त्याची अळी. तिला कोऱ्या लोकरीपेक्षा घामट, खरकट्या हाताचा स्पर्श झालेली लोकर फार आवडते. त्यामुळे ब्लँकेट स्वच्छ आणि खडखडीत कोरडे करून ठेवणे हाच मुख्य उपाय. वेखंडाच्या कांड्या, कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवायची रीत चांगली आहे, पण आत शिरलेली अळी नुसत्या वासाने मरत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी घडी उलगडून झटकणे आणि तास-दोन तास ऊन दाखवणे अधिक गुणकारी. शालीसारखी छोटी वस्तू असेल तर हवाबंद पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवली, तरी अळ्या मरतात.

डांबराच्या गोळ्यांविषयी मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना कडक शब्दांत सांगायला हवे. तान्ह्या बाळाच्या पांघरुणात त्या ठेवू नयेत आणि त्यांच्या वासाचे ब्लँकेट बाळावर घालू नये. काही बाळांत जन्मतःच एक विशिष्ट विकर कमी असते. अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात आणि तीव्र कावीळ होते. हे घरात कुणाला आधी ठाऊक नसते. जुने ब्लँकेट बारशासाठी मायेने काढणाऱ्या आजीने ते आठवडाभर तरी उघड्या हवेत ठेवून, धुऊन मगच वापरावे.

अलीकडे मी पुन्हा म्हसवडकडे गेलो होतो. कळपांत माडग्याळी वाणाच्या उंच, तांबूस ठिपक्यांच्या मेंढ्या बऱ्याच दिसल्या. मटणाला भाव आहे आणि या मेंढ्यांच्या अंगावर लोकर बेताची. काळ्या मेंढ्यांची लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही, कातरलेली लोकर बांधावर टाकून देतो, असे एका धनगराने सांगितले. यात त्याला दोष देता येत नाही. मेंढी कर्जाने घ्यायची तर हिशेब त्यालाही करावा लागतो, आणि तो हिशेब चाळीस वर्षांपूर्वी मीच त्यांच्या झोपडीत बसून कागदावर मांडत असे. तेव्हा त्या कागदावर लोकरीच्या उत्पन्नाचा एक स्वतंत्र रकाना असायचा.

एका सनगराकडे माग चालू होता. मी एक काळी घोंगडी सांगून ठेवली, ती पुढच्या महिन्यात आली. ताठ, पत्र्यासारखी. गार पाण्यात सोडली, तेव्हा पहिल्या तीन पाण्यांत खळ उतरत राहिली, गढूळ आणि बोटांना बुळबुळीत लागणारी. चौथ्या पाण्याला स्वच्छ झाली. गच्चीत खाटेवर पसरली आणि दोन दिवसांनी दोरी लावून पाहिली. लांबीत चार बोटे कमी भरली, जी पहिल्या धुण्यात जातातच. नातू म्हणतो, टोचते. त्याच्यासाठी खाली धुतलेल्या धोतराचा पदर घातला आहे.